वनमालाचं ऊन

वनमालाचं अंगच लेकरं खातं, असं आमच्या गावात म्हणतात. हे पहिल्यांदा कोण बोललं ते गावाला आठवत न्हाई. मला आठवतं, कारण ते मीच बोलले होते. अगदी ह्याच शब्दांत न्हाई, पण सुरुवात माझ्याच तोंडातून झाली.

मी फरीदा. युसूफ वडगावात चौदा वर्षं झाली, आशा म्हणून काम करते. माझा घरवाला सत्तार, तो रोडला मोटारसायकली दुरुस्त करतो आणि मी गावातल्या बायकांची पोटं मोजत फिरते, असं तोच म्हणतो. सगळ्या आळीची मी भाभी. तोंडाची लई फटकळ हाय, हे मला ठाऊक हाय. उपकेंद्राची नर्सबाई म्हणते, भाभी, जिभेला जरा लगाम घाला. मी म्हणते, लगाम घातला असता तर निम्म्या गावानं लोहाच्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या असत्या. माझ्या ह्या जिभेचा मला गर्व होता. अवघड गोष्ट सोपी करून सांगावी तर फरीदानं, असं मोठे डॉक्टरसुद्धा म्हणायचे.

वनमाला मूळची तेलगावची. बापाची कापसाची शेती, तीन बहिणी, आणि ही सगळ्यात दांडगी. बारावी शिकलेली, पण सुट्टीत दिवसभर कापूस वेचायची. नऊ वर्षांपूर्वी ती बद्रीनाथअण्णांची थोरली सून होऊन आली, तेव्हा हळदीखालूनसुद्धा तिचे हात रापलेले दिसत होते. मांडवात बायका कुजबुजल्या, अण्णांनी एवढी काळी सून कावून केली म्हणून. तिच्या कानावर ते गेलंच. मला नंतर हसत म्हणली, "भाभी, मी काळी न्हाई. मला ऊन लागलंय. चार महिने घरात बसवा, पिठागत पांढरी होते का न्हाई बघा."

तिला घरात बसवलं, ते चार महिने न्हाई, पाक सात वर्षं.

अण्णा दोनदा सरपंच झालेले. रोडच्या कडंला त्यांचा नवा बंगला हाय, दोन मजली, खिडक्यांना काळ्या काचा. त्या घरच्या सुना रानात जात न्हाईत. गड्यांची भाकर गडीच येऊन नेतो. त्यातून घरातल्या सासूचा, केशरकाकूंचा, एक रिवाज होता. सुनेची पाळी चुकली की तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं न्हाई. ऊन लागू द्यायचं न्हाई, नजर लागू द्यायची न्हाई. मागच्या खोलीत पलंग, पंखा, दूध, तूप, सगळं हातात. आणि पोट जर पडलं, तर पुढचे सहा महिने परत तसंच, अंग भरून येईपर्यंत. हा रिवाज काकूंच्या सासूनं त्यान्ला लावला होता. काकूंची स्वतःची दोन गेलेली, मग शिवशंकर झाला, मग सूरज. मी सावलीत बसले म्हणून दोन वाचले, असं त्यान्ला मनापासून वाटायचं. वाईट बाई न्हाई ती. सुनेच्या पायाला तेल लावताना मी स्वतः बघितलंय.

वनमालाचं पहिलं दोन महिन्यांचं गेलं. होतं कधी कधी, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. दुसरं अडीच महिन्यांचं गेलं. तिसऱ्याला मी माझ्या रजिस्टरात नाव घातलं आणि नववा आठवडा लागायच्या आत त्याच्यावर रेघ मारली. चौथ्याला तर तिनं मला सांगितलंच न्हाई. काळ्या काचेमागं एकटीच मोजत बसली. गेल्यावर म्हणली, "भाभी, तुमच्या रजिस्टरात लई खाडाखोड व्हायली होती माझ्यामुळं." असं बोलायची ती. स्वतःच्या दुःखावर स्वतःच चिमटा काढायची, म्हणजे समोरच्याला काढावा लागू नये.

तोवर ती खरंच पिठागत पांढरी झाली होती. पण चालताना मांड्या दुखायच्या, जिना चढताना कठड्याला धरायची. पंचवीस-सव्वीसची बाई आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठायची. मी शिवशंकरला रोडवर गाठलं. तिचा नवरा तसा सरळ माणूस, पण आईपुढं तोंडाला कुलूप. त्याला म्हणलं, "दादा, देवऋषी झाला, गंडा झाला. आता एकदा अंबाजोगाईला दाखवा. न्हाई नेलं तर मी तिला काळ्या-पिवळी जीपमधी घालून नेते, मग गावात काय बोलणं होईल ते तुमचं तुमी बघा." तेव्हा कुठं गाडी निघाली. मी पण सोबत गेलते.

डॉक्टरीणबाई शांत होत्या, घाईत न्हवत्या. दोघांचंही रक्त तपासलं. थायरॉईड, साखर, पिशवीची सोनोग्राफी, रक्त गोठण्याच्या तपासण्या, काय काय. पंधरा दिवसांनी परत गेलो तर सगळं ठीक होतं, एक सोडून. ड जीवनसत्त्व. तीसच्या वर पाहिजे, आणि वनमालाचं होतं सात.

शिवशंकर म्हणला, "घरी दोन म्हशी हायत मॅडम. दुधाची कमी न्हाई."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे दुधातून फारसं मिळत नाही. उन्हातून मिळतं. या उन्हात बसतात का?"

वनमाला खाली बघून हसली. बीड जिल्ह्यात ऊन कमी पडलं म्हणून आलेली पहिलीच पेशंट मी असंन, असं म्हणली.

मग बाईंनी नीट समजावून सांगितलं, आणि मी कान देऊन ऐकलं. म्हणाल्या, बाळात अर्धा वाटा बापाचा असतो, त्यामुळं आईच्या शरीरातल्या रक्षक पेशींना ते परकं वाटू शकतं. एरवी गरोदरपणात त्या पेशी शांत राहतात, बाळाला सांभाळून घेतात. ड जीवनसत्त्व त्यांचा हा तोल राखायला मदत करतं, असं अभ्यासात दिसतं. फार कमी असेल तर तोल बिघडू शकतो. मग त्यांनी बोट वर केलं. "मी 'बिघडू शकतो' म्हणतेय. यामुळंच चारही गेली असं मी म्हणत नाही. ते कुणालाच नक्की सांगता येणार नाही. आणि हे भरून निघालं की मूल राहीलच, असंही वचन देत नाही. पण सात फारच कमी आहे, ते भरायलाच हवं." आठवड्यातून एक गोळी, दुधासोबत, आणि रोज अकरा-बाराच्या सुमाराला वीस मिनिटं उघड्या हातापायांवर ऊन. काचेतून आलेलं चालत न्हाई. तीन महिने दिवस राहू द्यायचे न्हाईत.

वाटेत गाडीत वनमाला एकच बोलली. "एवढंच होतं का भाभी? ऊन?" तिच्या आवाजात आनंद होता का राग, मला कळलं न्हाई. दोन्ही असंल.

संध्याकाळी बंगल्यावर बैठक बसली. अण्णा सोफ्यावर, काकू खाली पाय पसरून, शिवशंकर भिंतीला टेकून. धाकट्या सूरजची बायको मोहिनी तिच्या तीन वर्षांच्या पोरीला, संस्कृतीला, भात भरवत होती. म्हणजे ताट मोहिनीच्या हातात आणि पोरगी वनमालाच्या मांडीवर, अशी त्या घरातली रीतच होती. संस्कृती जन्मली तेव्हापासून वनमालाजवळच झोपायची. मोहिनीला ते सोयीचंच होतं.

मी फटाफट सांगून टाकलं. चूक कुठं झाली, ते जसंच्या तसं सांगितलं. ऊन न्हाई मिळालं, म्हणून आतलं जीवनसत्त्व संपलं. सात वर्षं सावलीत बसवली, म्हणून.

केशरकाकूंचं तोंड उतरलं. मग लहान आवाजात म्हणल्या, "म्हंजे आमीच घात केला म्हण की."

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. शिवशंकरनं पण बघितलं. म्हातारीनं पसरलेले पाय पोटाशी ओढून घेतले. चौदा वर्षांत मी कधी कुणाचं मन राखायला बोलले न्हाई, त्या दिवशी राखलं. घाईघाईनं म्हणलं, "न्हाई हो काकू, तुमचा काय दोष? तुमी जपलंच की. तिच्या अंगातच तसं हाय. बघा, ज्वारी हुरड्याला आली की रानात राखणदार बसवतो का न्हाई? गोफण घेऊन बसतो, पाखरं हाणतो. तसे सगळ्यांच्या अंगात राखणदार असतात. हिचे राखणदार आपलं-परकं वळखत न्हाईत. पोटातल्या लेकरालाच पाखरू समजून हाणतात. ऊन मिळालं की ते वळणावर येतील."

काकूंनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हंजे हिच्या अंगातच हाय," त्या म्हणल्या.

मी म्हणलं, "हां, म्हणजे तसंच."

ह्या तीन शब्दांसाठी मी आता कितीही डोकं आपटलं तरी काय उपयोग. तेव्हा मात्र मी खूश होते. म्हातारी रडली न्हाई, ऊन मान्य झालं, डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खेड्यातल्या माणसाला पटलं. घरी जाऊन सत्तारला सांगितलं, कसं पटवलं बघ. तो म्हणला, तू वकील व्हायला पाहिजे होतीस.

तीन महिने सोन्याचे गेले, हे पण सांगितलं पाहिजे. शेजारच्या गच्चीवरून दिसू नये म्हणून काकूंनी गच्चीवर चारी बाजूंनी दोऱ्या बांधल्या आणि जुनी लुगडी टाकून आडोसा केला. वनमाला दंडापर्यंत बाह्या सारून, पायजमा गुडघ्यावर ओढून मधी बसायची. मी कधी गेले की म्हणायची, "या भाभी, माझं दुकान बघायला या. वाळवण घातलंय माझं." कुरडया आणि ती एकाच चटईवर. हात परत सावळे व्हायला लागले. मांड्यांचं दुखणं गेलं. जिना एका दमात चढली आणि वरून मला हाक मारून दाखवलं. तपासणी केली तर सातचे चौतीस झाले होते. तो कागद तिनं घडी घालून पाकिटात ठेवला, दहावीच्या गुणपत्रिकेसारखा.

त्याच दिवसांत खाली काय चाललंय ते मला कळलं न्हाई. काकूंना कुणी विचारलं, सून उन्हात कावून बसती, की त्या सांगायच्या. सावलीचं न्हाई सांगायच्या. राखणदाराचं सांगायच्या. हळदीकुंकवाला, दळपाला, दूध घालायला आलेल्या बाईला. प्रत्येक तोंडात गोष्ट थोडी लहान झाली. आधी, हिचे आतले राखणदार लेकराला हाणतात. मग, हिचं रक्त लेकराला हाणतं. शेवटी राखणदार पण गेले आणि ऊन पण गेलं. उरलं एवढंच की वनमालाचं अंग लेकरं खातं.

मला कळलं ते एका बारशाला. पाळण्याभोवती बायका उभ्या, आणि वनमाला नाव सांगायला पुढं सरकली तशी बाळंतिणीच्या आईनं पाळणा दुसऱ्या अंगाला ओढला. नुसता हातभर ओढला. वनमाला मागं सरकली आणि सुंठवडा वाटायच्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "भाभी, रात्री संस्कृती माझ्यापाशी न्हवती. मोहिनी म्हणली, तिला सर्दी हाय. तुमाला दिसली का सर्दी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ मोहिनीला धरलं. पोरगी कावून तोडली तिच्यापासून, असं विचारलं. मोहिनी काही भांडखोर न्हाई. ती रडायलाच लागली. म्हणली, "भाभी, मला पटत न्हाई तसलं काही. पण माझी एकच हाय. तुमी सांगितलेलं खोटं थोडंच असंल? तुमी डॉक्टरांकडून आलता. तुमीच म्हणलतं, हिचं अंग आपलं-परकं वळखत न्हाई म्हणून."

"मी पोटातल्या लेकराचं म्हणलतं गं बाई. मांडीवरच्या न्हाई. आणि ते पण तसं न्हाईच. डॉक्टर नुसतं 'होऊ शकतं' म्हणल्या होत्या."

"मग तेव्हा तसं कावून न्हाई सांगितलं?" तिनं विचारलं.

मी तशीच उठले. केशरकाकूंकडं गेले, त्यांच्या पुढ्यात बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं. आवाज चढवला, मग हात जोडले. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणल्या, "फरीदा, तू तेव्हा बोललीस ते खरं होतं. आता तिची कीव येऊन बोलायलीस." त्यान्ला ते सोडणं परवडणारं न्हवतंच. माझी गोष्ट खोटी ठरली असती, तर सात वर्षांची सावली त्यांच्या पदरात पडली असती. घरोघर फिरून मी महिनाभर सांगत राहिले. बायका मान डोलवायच्या, चहा द्यायच्या, आणि वनमाला दारात आली की लेकरू उचलून आत जायच्या. उलट माझ्या सांगण्यानं ज्यान्ला ठाऊक न्हवतं त्यान्ला पण ठाऊक झालं.

पाचव्यांदा दिवस राहिले तेव्हा वनमालानं मला स्वतः बोलावून घेतलं. "घाला नाव," म्हणली. "पेनानं घाला, पेन्सिलीनं नको." ह्या वेळी ती मागच्या खोलीत बसली न्हाई. गोळी चालू, गर्भ टिकायची इंजेक्शनं चालू, गच्चीवरचं ऊन चालू. दोन महिने झाले. अडीच झाले. ज्या दिवशी तिसरा संपला त्या दिवशी तिनं मला शिरा करून घातला. त्या पलीकडं ती कधी गेलीच न्हवती. चौथा संपला. पोट दिसायला लागलं, आणि काकूंनी परत तिच्या पायाला तेल लावायला सुरुवात केली. मोहिनीनं एक दिवस संस्कृतीचा हात धरून आणला आणि वनमालाच्या पोटावर ठेवला. वनमाला मला म्हणली, "भाभी, हे जन्मलं ना, की सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होतील. तुमाला पण घरोघर फिरायला लागणार न्हाई."

मला तेव्हा लई भीती वाटली. आई व्हायला निघालेली बाई लेकराकडं लेकरू म्हणून बघत न्हवती, साक्षीदार म्हणून बघत होती.

पाचव्या महिन्याच्या मध्यात, दुपारी जेवताना तिच्या कमरेत कळ आली. अंबाजोगाईला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी होती. डॉक्टरीणबाईंनी वार तपासायला पाठवली, अजून काय काय पाठवलं, आणि तीन आठवड्यांनी सांगितलं की कारण सापडलं न्हाई. मी त्यांच्यावर चिडले. म्हणलं, मॅडम, सातचे चौतीस झाले, तरी कसं? त्यांनी माझ्यावर राग धरला न्हाई. म्हणाल्या, "ते कमी होतं, ते भरलं. तिच्या हाडांना, तिच्या ताकदीला त्याचा फायदा झाला. पण तेवढंच कारण आहे असं मी कधीच म्हटलं नव्हतं, फरीदाताई. अर्ध्याहून जास्त जोडप्यांमध्ये कारण सापडतच नाही. पुढच्या वेळी राहू शकतं." पुढची वेळ असं त्या सहज म्हणाल्या. वनमाला तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होती.

गावात मात्र कारण सापडलं होतं. एवढं मोठं झालेलं पण खाल्लं, असं बोलणं झालं. अण्णा शिवशंकरसाठी आष्टीकडची एक मुलगी बघून आले, हे मला सत्तारच्या दुकानावर कळलं. शिवशंकर न्हाई पण म्हणाला न्हाई आणि हो पण म्हणाला न्हाई. गच्चीवरच्या दोऱ्या काकूंनी सोडून ठेवल्या.

मी वनमालाला भेटायला गेले तर ती परत त्या मागच्या खोलीत. कुणी बसवली न्हवती, आपणहून बसली होती. मी म्हणलं, "वर चल, ऊन हाय." ती म्हणली, "कशाला आता?" मग थोड्या वेळानं माझा हात धरून म्हणली, "भाभी, एक खरं सांगा. खातं का हो माझं अंग?"

"न्हाई," मी म्हणलं. "माझ्या लेकीची शप्पथ, न्हाई. मी येडी होते, तसलं उदाहरण दिलं."

"तुमी म्हणता तर न्हाई," ती म्हणली. तिला थोडं बरं वाटलं, तिच्या खांद्यावरून कळलं मला. "मला आता मूल पण नको भाभी. खरंच नको. फक्त कुणीतरी एकदा आपलं तान्हं लेकरू न भिता माझ्या हातात द्यावं. मी घेईन, बसेन, परत देईन. त्याला काही झालं न्हाई हे चार बायकांनी बघावं. आणि मी पण बघावं."

मी तिथंच ठरवलं. माझी शाईस्ता तेव्हा आठव्या महिन्यात होती, बाळंतपणाला माझ्याकडंच आलेली. शाईस्ता माझी एकुलती एक, लग्नाला पाच वर्षं झालेली. मी वनमालाला शब्द दिला. म्हणलं, "माझा नातू का नात जे होईल ते, चाळीस दिवस झाले की पहिलं तुझ्या मांडीवर. सगळ्या आळीसमोर." ती हसली. लई महिन्यांनी हसली.

शाईस्ताला मुलगा झाला. दोन किलो चारशेचा, जरा लहानच. सुरुवातीला दूध ओढत न्हवता, दोन दिवस काचेच्या पेटीत होता. माझा जीव टांगणीला लागला होता, पण तरला पोरगा. चाळिसाव्या दिवशी आंघोळी झाल्या, दुपारी मी शेजारच्या दहा-बारा बायकांना शिरखुर्म्याला बोलावलं. मोहिनीला बोलावलं. केशरकाकूंना स्वतः जाऊन हाताला धरून आणलं. आज सगळ्यांची तोंडं बंद करते, असं माझ्या मनात होतं.

वनमाला आली ती डोक्यावरून न्हालेली, धुतलेली सुती साडी नेसून. हातात स्वतः शिवलेलं पांढरं झबलं. दारातच तिनं नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा. मग येऊन माझ्यासमोर चटईवर मांडी घालून बसली. खोलीतल्या बायकांनी शिरखुर्म्याच्या वाट्या खाली ठेवल्या. नातू माझ्या हातात, दुपट्यात, झोपलेला. मी मोठ्यांदा म्हणलं, "घे गं वनमाला, तुझ्या पोराला घे."

तिनं दोन्ही हात पुढं केले.

मी पण हात पुढं केले. तिचे हात बाळाच्या खाली आले. तिचा तळवा त्याच्या मानेखाली बरोबर बसला, सवय असलेल्या बाईसारखा. आता मी सोडायचं होतं. आणि माझे हात सुटेनात. मला काही वाटत न्हवतं, कसम, माझ्या डोक्यात काही न्हवतं. मला रिपोर्ट पाठ होता, चौतीस पाठ होतं, डॉक्टरीणबाईंचं बोलणं पाठ होतं. पण माझ्या बोटांनी दुपट्याची कड अशी आवळून धरली की बाळ चुळबुळलं. दोन श्वास गेले असतील, तीन गेले असतील. शाईस्ता मागून म्हणली, "अम्मी, दे ना."

वनमाला माझ्या तोंडाकडं बघत न्हवती. माझ्या बोटांकडं बघत होती. मग तिनं आपले हात हळूच खालून काढून घेतले, बाळाला जराही हिसका बसू न देता.

माझी बोटं तेव्हा सुटली. मी म्हणलं, "घे गं. घे ना. मी तर देतच होते." मी बाळ तिच्या मांडीवर ठेवायला वाकले, तर ती मागं सरकली, भिंतीला लागेपर्यंत.

"न्हाई भाभी," ती म्हणली. रागानं न्हाई, रडून न्हाई. समजूत पटल्यासारखं म्हणली. "तुमाला तर सगळं ठाऊक हाय."

झबलं तिनं चटईवर ठेवलं, काकूंच्या चपला सरळ करून ठेवल्या, आपल्या घातल्या आणि गेली.